एकट्याने खेळावयाचा कथाखेळ आणि आपली शाळा

मूल एकटे खेळू लागले म्हणजे ते एकटे राहत नाही. अंगणात भातुकली मांडून बसलेली मुलगी एकाच वेळी आई होते, लेक होते आणि पाहुणीही होते. चिंध्यांच्या बाहुलीला ती दटावते आणि बाहुलीच्या वतीने उत्तरही तीच देते. काठीचा घोडा करून धावणारा मुलगा घोडाही असतो आणि स्वारही असतो. एका वस्तूच्या ठिकाणी दुसरी वस्तू मानून चालणाऱ्या या खेळाचा अभ्यास स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विस्ताराने केला आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी तर १९३३ मधील आपल्या व्याख्यानात असे प्रतिपादन केले की, एरवी मुलाला जे साधत नाही ते खेळात त्याला साधू लागते. ज्या मुलाला एरवी क्षणभर स्वस्थ बसवत नाही, तेच मूल खेळात पहारेकरी झाले की निश्चल उभे राहते.

याच स्वाभाविक खेळाचे एक नवे रूप आता इंटरनेटवर उपलब्ध आहे. संगणक, टॅब किंवा मोबाइल यांच्या पडद्यावर एक प्रसंग उमटतो. खेळणाऱ्याने त्या प्रसंगातील एक पात्र व्हावयाचे, पुढे काय करावयाचे ते ठरवावयाचे आणि त्या निर्णयाप्रमाणे गोष्ट पुढे सरकते. सोबतीला दुसरा खेळगडी लागत नाही. असे कथाखेळ प्राथमिक शाळेत वापरावेत काय, वापरावयाचे तर कोणते व कसे, असे प्रश्न केंद्रांच्या शिक्षण परिषदांत शिक्षक बंधुभगिनी वारंवार विचारतात. त्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हे खेळ आले कोठून?

या खेळांचा उगम पाहू गेल्यास एक मनोरंजक गोष्ट आढळते. एडवर्ड पॅकार्ड हे अमेरिकन वकील आपल्या मुलींना रात्री निजताना गोष्टी सांगत. एकदा पुढे काय घडवावे हे त्यांना सुचेना, तेव्हा त्यांनी मुलींनाच विचारले, ‘आता तुम्ही काय कराल?’ मुलींनी निरनिराळी उत्तरे दिली. त्यातूनच वाचकाने स्वतः नायक होऊन वाट निवडावयाची अशा पुस्तकांची कल्पना त्यांना सुचली. त्यांचे या धाटणीचे पहिले पुस्तक १९७६ साली निघाले आणि १९७९ पासून अशा पुस्तकांची मोठी मालिकाच सुरू झाली.

संगणकावरील कथाखेळाची हकीकतही अशीच आहे. विल क्राउदर हे संगणकतज्ज्ञ होते आणि त्यांना केंटकी राज्यातील प्रचंड गुहांत हिंडण्याचा छंद होता. १९७५–७६ च्या सुमारास, पतिपत्नी विभक्त झाल्यावर, आपल्या दोन्ही मुलींना खेळता यावा म्हणून त्यांनी त्या गुहांचे वर्णन करणारा एक खेळ संगणकावर रचला. त्यात चित्र एकही नव्हते. पडद्यावर शब्द येत आणि खेळणाऱ्याने ‘उत्तरेस जा’, ‘दिवा घे’ अशा दोन-दोन शब्दांच्या आज्ञा टंकित करावयाच्या. १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी त्याचा विस्तार केला. ‘कलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ या नावाने तो प्रसिद्ध आहे आणि पुढील असंख्य खेळांचा तो पूर्वज होय.

दोन्ही ठिकाणी मुळाशी होते ते गोष्ट सांगणारे एक माणूस आणि ती ऐकणारी मुले. पुस्तक किंवा यंत्र हे त्या दोघांमधील साधन म्हणून आले. शाळेत या खेळांचा विचार करताना ही बाब दृष्टीआड होऊ देऊ नये.

आपल्याकडील बालशिक्षणालाही ही दृष्टी नवीन नाही. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक गोष्ट सांगून वर्ग आपलासा करतो आणि पुढे मुले त्या गोष्टींची नाटके करू लागतात. भावनगरला गिजुभाईंच्या समवेत काम करून आलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी जे कार्य केले, त्यातही मुलाच्या स्वतःच्या कृतीला मानाचे स्थान होते. मुलाने गोष्टीत शिरावे, हा विचार त्या थोर शिक्षकांचाच आहे. यंत्राने त्याला केवळ एक नवी वाट करून दिली आहे.

कथाखेळांचे चार प्रकार

एकट्याने खेळावयाच्या कथाखेळांचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार फाटे फुटणाऱ्या गोष्टींचा. प्रत्येक प्रसंगाखाली दोन-तीन पर्याय असतात व त्यांतील एकावर बोट ठेवले की पुढील प्रसंग उघडतो. वाचनाचा नुकताच सराव झालेल्या मुलांना हा सर्वांत सोपा.

दुसरा प्रकार आज्ञा लिहून खेळावयाच्या गोष्टींचा. वर सांगितलेला गुहेचा खेळ या प्रकारातील आहे. हे खेळ बहुतांशी इंग्रजीत असल्याने आपल्या शाळांना त्यांचा उपयोग बेताचाच.

तिसरा प्रकार दैवावर, म्हणजे फाशावर चालणाऱ्या गोष्टींचा. १९८२ साली स्टीव्ह जॅक्सन व इयन लिव्हिंगस्टन यांनी इंग्लंडमध्ये लिहिलेल्या पुस्तकात ४०० परिच्छेद होते आणि खेळण्यास दोन फासे व पेन्सिल एवढेच साहित्य लागे. २००३ साली निघालेल्या ‘मिथिक’ या पद्धतीत खेळणारा गोष्टीविषयी ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येईल असा प्रश्न विचारतो व फासे उत्तर देतात. हे फासे आता पडद्यावरही टाकता येतात. आपल्या वर्गात मात्र एक साधा फासा पुरे. १ किंवा २ पडल्यास ‘नाही’, ३ किंवा ४ पडल्यास ‘होय’, ५ किंवा ६ पडल्यास ‘होय, पण एक अडचण आहे’ असा नियम करावा. ‘झोपडीत कोणी आहे काय?’ असे मूल विचारते. फाशावर ५ पडतात. मग ती अडचण कोणती, हे मुलालाच योजावे लागते. विचारास चालना मिळते ती येथे.

चौथा प्रकार अगदी अलीकडचा. यात पुढील मजकूर यंत्र स्वतःच रचते. २०१९ साली निक वॉल्टन या अमेरिकन विद्यार्थ्याने तयार केलेला ‘एआय डन्जन’ हा या प्रकारातील एक आरंभीचा खेळ होय. खेळणाऱ्याने काहीही लिहावे, यंत्र त्याला जोडून पुढे लिहिते. या प्रकाराविषयी अधिक विवेचन पुढे केले आहे.

शेरेबुकातील एक शेरा

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेस भेट दिली असता, पाचवीची मुले टॅबवर फाटे फुटणारी गोष्ट खेळत होती. वर्गात पूर्ण शांतता होती. गुरुजी शेजारच्या खोलीत माहितीचे तक्ते भरत होते. मी संतोष पावलो आणि शेरेबुकात लिहिले, ‘विद्यार्थी कथेत तल्लीन. शिस्त उत्तम. उपक्रम अनुकरणीय.’ खाली स्वाक्षरी केली.

निघताना सहज एका मुलाजवळ बसलो व गोष्टीत काय घडले ते विचारले. त्याने दहा मिनिटांत गोष्ट तीनदा संपविली होती. परंतु गोष्टीत कोण होते हे त्याला सांगता आले नाही. तो प्रामाणिक मुलगा होता. म्हणाला, ‘सर, सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं की लवकर संपते.’ शेजारच्या दोघांचीही तीच रीत होती. वाचन झाले नव्हते, विचार झाला नव्हता, कोणी कोणतीही भूमिका घेतली नव्हती. मी ज्याला तल्लीनता म्हटले होते, ती केवळ बोटांची हालचाल होती.

दोष मुलांचा नव्हता व यंत्राचाही नव्हता. कोणी आपल्याला ही गोष्ट विचारणार आहे, अशी अपेक्षाच मुलांना नव्हती. ऐकणारा नसेल तर सांगण्याजोगे काही साठविण्याचे मुलाला कारण उरत नाही. तो शेरा आजही त्या पुस्तकात आहे. पुढील भेटीत मी त्याखाली दुसरा शेरा लिहिला, एवढेच समाधान.

टपालातील पत्र

याउलट अनुभव दुसऱ्या एका दोनशिक्षकी शाळेत आला. तेथील बाईंनी स्वतःच बारा प्रसंगांची एक छोटी गोष्ट रचली होती. तिचा आरंभ असा :

‘तुझ्या खांद्यावर टपालाची पिशवी आहे. आज एकच पत्र उरले आहे. पावसाने पत्त्यावरील नाव पुसले गेले आहे. गावाचे नाव तेवढे वाचता येते. समोर पार आहे. पारावर एक आजोबा बसले आहेत. आता काय करशील?’

खाली तीन पर्याय होते. आजोबांना विचारावे, पत्र उजेडात धरून पाहावे किंवा ते उघडून आतील नाव वाचावे. तिसऱ्या पर्यायापाशी मुले थबकत. दुसऱ्याचे पत्र उघडावे काय, हा प्रश्न बोधकथेच्या तात्पर्यापेक्षा येथे अधिक टोचतो. कारण बोट आपलेच असते.

जानेवारी महिना होता. चौथीतील एक मुलगी त्या दिवशी खेळत होती. तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेले आणि ती गावात आजीजवळ राहिलेली. वर्गात ती सहसा बोलत नसे. गोष्टीत पत्राचे घर सापडते, परंतु त्याला कुलूप असते. तेथे बाईंनी दोन पर्याय दिले होते. पत्र दाराच्या फटीतून आत टाकावे किंवा परत न्यावे. मुलगी बराच वेळ बोट न लावता बसून राहिली. बाईंनी विचारले तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘बाई, मानसं तोडीला गेली आसतील. पाडव्याला येतील. आत टाकलं तर उंदरं खातील. तवर दुकानात ठिवावं.’

हा पर्याय गोष्टीत नव्हता. बाईंनी तो तिच्याकडून वहीत लिहवून घेतला. सात ओळी झाल्या. दुसऱ्या दिवशीच्या परिपाठात तिने त्या वाचून दाखविल्या. आणि त्याच आठवड्यात बाईंनी ‘दुकानात ठेव’ ही नवी वाट गोष्टीत जोडली. त्यानंतर खेळणारी मुले तिच्या वाटेने जाऊ लागली. जिचे स्वतःचे घरही त्या वेळी कुलूपबंद होते, तिला जे ठाऊक होते ते वर्गातील दुसऱ्या कोणालाही सुचले नव्हते. खेळाने तिला पात्र दिले. बाईंनी तिला श्रोते दिले. दुसरी गोष्ट नसती तर पहिली व्यर्थ गेली असती.

गोष्ट कशी रचावी?

अशी गोष्ट रचण्यास संगणकशास्त्राचे ज्ञान लागत नाही. ख्रिस क्लिमस यांनी २००९ साली तयार केलेले ‘ट्वाइन’ हे साधन विनामूल्य आहे. त्यात प्रत्येक प्रसंगासाठी एक चौकट उघडते. चौकटीत मजकूर लिहावा आणि पुढील प्रसंगाचे नाव दुहेरी चौकोनी कंसांत लिहावे, म्हणजे दोन प्रसंगांमध्ये दुवा तयार होतो. देवनागरीत लिहिण्यास कोणतीच अडचण येत नाही. गोष्ट पूर्ण झाल्यावर तिची एकच फाइल तयार होते. मजकुराचीच गोष्ट असेल तर ती टॅबवर उतरवून घेतल्यास इंटरनेट नसतानाही चालते. एक सावधगिरी मात्र घ्यावी. इंटरनेटवरूनच ट्वाइन वापरल्यास आपली गोष्ट त्या संगणकावरील ब्राउझरमध्येच साठविली जाते. तो साफ केला की गोष्ट नाहीशी होते. म्हणून प्रत तत्काळ वेगळी जपून ठेवावी.

आधी कागदावर आराखडा काढणे हिताचे. प्रत्येक प्रसंगाला दोन फाटे ठेवले आणि ते कोठेच एकत्र आणले नाहीत, तर पाच पायऱ्यांनंतर ३२ शेवट व एकूण ६३ प्रसंग लिहावे लागतील. एवढे लिहिणे कोणाही शिक्षकाला शक्य नाही. म्हणून निरनिराळ्या वाटा मधूनमधून एका प्रसंगापाशी आणून मिळवाव्यात. दहा ते पंधरा प्रसंग पुरेसे होतात.

मराठीत अशी गोष्ट लिहिताना एक खास प्रश्न उभा राहतो. इंग्रजीतील द्वितीयपुरुषी वाक्यात मुलगा की मुलगी हे कळत नाही. मराठीत ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’, ‘तू जातोस’ आणि ‘तू जातेस’ असा भेद पडतो. सर्वत्र ‘तू आलास’ असे लिहिले तर वर्गातील निम्म्या मुलांना नायकपद उसने घ्यावे लागते. यावर उपाय आपल्या व्याकरणातच आहे. ‘तू दार उघडलेस’, ‘तुला विहीर दिसते’, ‘तुला थकवा आला आहे’, ‘तू कोठे जाशील?’ किंवा ‘पुढे जा’ या रचनांत लिंगभेद प्रकट होत नाही. ‘विसरलास’, ‘बोललास’ यांसारख्या रूपांपासून तेवढे सावध राहावे. ‘तुम्ही’ वापरल्यासही भेद पडत नाही. परंतु लहान मुलाला ‘तू’ अधिक जवळचे वाटते. वरील टपालाच्या गोष्टीचा आरंभ या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावा.

वर्गात योजना कशी करावी?

वर्गात २४ मुले व दोन टॅब असतील, तर रोज चौघांची पाळी ठेवावी. सहा दिवसांत सर्वांची पाळी पूर्ण होते. प्रत्येकास पंधरा मिनिटे पुरेत. खेळण्यापूर्वी मुलाने वहीत आपल्या पात्राविषयी दोन ओळी लिहाव्यात. ते कोण आहे आणि त्याला कशाची भीती वाटते, एवढे पुरे. खेळताना प्रत्येक निर्णयापाशी ‘मी असे का केले’ याची एक ओळ लिहावी. या एका ओळीने खालच्या ओळीवर बोट ठेवण्याची सवय आपोआप सुटते. खेळानंतर गोष्ट ‘मी’ या रूपात लिहावी. परिपाठात रोजची बोधकथा असतेच. आठवड्यातून एक दिवस तिच्या जागी अशी एखादी गोष्ट सांगू द्यावी. जे मूल उभे राहून बोलण्यास कचरते, त्याने ती एका मित्राला सांगितली तरी चालेल.

ज्या शाळेत टॅब नाही किंवा वीज बेभरवशाची आहे, तेथे प्रसंग कार्डांवर लिहून त्यांना क्रमांक द्यावेत व पर्यायापुढे पुढील कार्डाचा क्रमांक लिहावा. खेळ तोच राहतो.

मर्यादा आणि दक्षता

यंत्र स्वतः मजकूर रचते असे खेळ प्राथमिक शाळेतील मुलांच्या हाती देऊ नयेत. ते यंत्र गोष्ट जाणत नाही. वाचलेल्या अफाट मजकुराच्या आधारे पुढील शब्द कोणता यावा याचा अंदाज बांधत जाते. त्यामुळे ते अयोग्य प्रसंग लिहू शकते व चुकीची माहितीही खऱ्याच्या थाटात सांगते. शिवाय ते कधी थबकत नाही. मुलाला न सुचण्याची जी चार क्षणांची अडचण पडावयास हवी, तीच ते दूर करते. शिक्षकांनी स्वतःच्या तयारीसाठी अशा यंत्राची मदत घ्यावी; परंतु प्रत्येक वाक्य तपासल्याशिवाय मुलांपुढे ठेवू नये.

कोणत्याही खेळात मुलाचे खरे नाव, गाव, छायाचित्र किंवा दूरध्वनी क्रमांक लिहू देऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती ही बालक होय आणि तिची माहिती वापरण्यास पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक आहे. अंगणवाडीच्या वयाच्या मुलांसाठी तर हा पडद्यावरील खेळ नाहीच. दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरील वेळ दिवसाकाठी एक तासापेक्षा अधिक नसावा व जितका कमी तितका चांगला, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचविले आहे. त्यांची भातुकलीच श्रेष्ठ.

शेवटी एक विनंती. हा उपक्रम सुरू करताना मोठी गोष्ट रचण्याच्या मागे लागू नये. आपल्या गावातील एक पार, एक ओढा, एक कुलूपबंद घर एवढ्यावर गोष्ट उभी राहते. आपण दोन वाटा लिहाव्यात व तिसरी मुलांना सुचू द्यावी. ती सुचली की लिहून घ्यावी आणि वर्गाला ऐकवावी. पुढील शाळाभेटीच्या वेळी मी प्रथम मुलांच्या या वह्या पाहीन आणि त्यांतील एखादी गोष्ट लिहिणाऱ्याच्याच तोंडून ऐकेन. शेरा त्यानंतर लिहीन.